दोन वाऱ्यांचं गाव

टोरबोले गावात मनगटावर घड्याळ नसलं तरी चालतं. पहाटेपासून वारा उत्तरेकडून, डोंगरातून तळ्याकडे वाहत असतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास तो पडतो. मग तासभर पाणी कसं ताटात ओतल्यासारखं सपाट. किनाऱ्यावरची माणसं कॉफी पितात, बाकांवर पेंगतात. दुपारचे बारा-एक वाजले, की तळ्याच्या दक्षिणेकडून एक काळपट रेघ पाण्यावरून पुढे सरकताना दिसते. ती किनाऱ्याजवळ आली, की हॉटेलांबाहेरच्या छत्र्या फडफडू लागतात आणि पेंगणारी सगळी मंडळी ताडकन उठून आपापली शिडं उचलतात. सकाळच्या वाऱ्याचं नाव पेलेर, दुपारच्या वाऱ्याचं ओरा. हवा बिघडली नाही, तर या दोघांची पाळी सहसा चुकत नाही.

या दोन वाऱ्यांनी मला सहा दिवसांत जे शिकवलं, ते दोन वर्षांत मला कुणाला शिकवता आलं नव्हतं. त्याचीच ही हकिगत.

टोरबोले आहे इटलीच्या उत्तरेला, गार्डा तळ्याच्या अगदी वरच्या टोकाला. गार्डा हे इटलीतलं सर्वांत मोठं तळं. लांबी सुमारे 52 किलोमीटर, क्षेत्रफळ 370 चौरस किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी 346 मीटर पाणी! दक्षिणेकडे ते चांगलं ऐसपैस पसरलेलं आहे, पण उत्तरेकडे येता येता दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात आणि तळं चिंचोळं होत जातं. टोरबोलेच्या डोक्यावर 2079 मीटर उंचीचा अल्तिस्सिमो उभा. समोर पश्चिमेला ब्रिओने नावाची टेकडी, तिच्या पलीकडे रीवा हे मोठं गाव. मध्ये सार्का नदी तळ्याला येऊन मिळते. उतारावर ऑलिव्हच्या बागा, धक्क्यावर पिवळी, गुलाबी घरं, आणि ऑस्ट्रियाच्या राज्यातलं एक चिमुकलं जकातघर. हा सगळा मुलूख पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा येतो. रात्री उलट. कोकणातले मच्छीमार याच हिशेबानं होड्या काढतात. गार्डावरही तेच, फक्त समुद्राच्या जागी दक्षिणेचं मैदान आणि जमिनीच्या जागी हे डोंगर. रात्री डोंगर गार होतात, थंड जड हवा दरीतून खाली उतरते, तो पेलेर. दिवसा उन्हानं डोंगरउतार तापतात, हवा वर चढते आणि तिची जागा भरायला दक्षिणेकडून वारा धावत येतो, तो ओरा. तळं वर चिंचोळं असल्यानं वाऱ्याला नरसाळ्यासारखा जोर चढतो. त्यात तळ्याच्या या उत्तर भागात खाजगी मोटारबोटींना बंदी आहे. मग शिडाच्या खेळाला याहून चांगली जागा कोणती?

पन्नाशीची भेट

आमची लेक म्यूनिकला नोकरी करते. तिथून गाडीनं ब्रेनर घाट ओलांडला, की चार-पाच तासांत टोरबोले येतं. तिकडची निम्मी तरुण मंडळी सुट्टी लागली की शिडं गाडीच्या टपावर बांधून इकडेच पळतात. 2024 च्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. माझी पन्नाशी नुकतीच झाली होती. लेकीनं भेट म्हणून एक पाकीट हातात ठेवलं. मला वाटलं, दागिना असेल. निघाली पावती. विंडसर्फ फॉइलिंगच्या वर्गाची!

"अगं, आईचा पाय?" हे लगेच म्हणाले.

पायाची गोष्ट अशी. 2022 च्या जुलैमध्ये बडोद्याला आमच्या घराच्या कोपऱ्यावर पावसात माझी स्कूटर घसरली. डावा घोटा मोडला. आत एक पट्टी आणि सहा स्क्रू बसले. हाड छान जुळलं. डॉक्टरांनी वर्षाच्या आतच "आता सगळं करा" असं सांगितलं. पण सगळं करायचं म्हटलं, की मी हळूच उजव्या पायावर रेलायची. जिना कठडा धरून उतरायची. स्कूटर लेकीच्या चुलतभावाला देऊन टाकली. बडोद्यात राहून दोन नवरात्रं मी गरब्याच्या मैदानात खुर्चीवर बसून काढली! फिजिओथेरपीच्या बाईंनी एकदा दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवून मला दोन पायांवर सारखं उभं राहायला सांगितलं. मी अगदी सरळ उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आता खाली बघा." उजव्या काट्यावर 38 किलो, डाव्यावर 24. आणि मला वाटत होतं, मी समतोल उभी आहे!

लेकीला हे सगळं ठाऊक होतं. तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. बँकेच्या बदलीत आम्ही तीन वर्षं पणजीला होतो, तेव्हा दोनापावलाच्या किनाऱ्यावर मी शिडाची फळी चालवायला शिकले होते. चांगली जमायची. बदली झाली, संसार वाढला, शीड सुटलं.

"आई, तू पाण्यात पडशील, रस्त्यावर नाही," लेक म्हणाली. "आणि डॉक्टरकाकांना मी विचारलंय."

यावर काय बोलणार?

उडणारी फळी

साधं विंडसर्फिंग तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. एक लांब फळी, तिच्यावर फिरत्या सांध्यानं बसवलेली डोलकाठी, डोलकाठीला शीड, आणि शिडाला धरायला बूम नावाची आडवी दांडी. खेळाडू उभ्यानं ती दांडी धरतो आणि वाऱ्यावर फळी हाकतो. सुकाणू नाही, वल्हं नाही. शीड पुढे-मागे झुकवून आणि पायानं फळी दाबूनच दिशा बदलायची. 1984 पासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे.

फॉइलिंगमध्ये या फळीच्या पोटाखाली सुमारे हात-दीड हात लांबीची एक उभी पाती असते. पातीच्या खालच्या टोकाला छोट्या विमानासारखी रचना. पुढे मोठा पंख, मागे लहान पंख, दोन्ही जोडणारा दांडा. फळीला वेग आला, की पाण्यातले हे पंख विमानाच्या पंखांसारखं काम करतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट, म्हणून एवढासा पंखही माणसासकट फळी उचलतो. फळी पाण्याच्या वर येते, पाण्यात उरते ती फक्त पाती आणि पंख. पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो, फळीच्या तळावर आपटणाऱ्या लाटांचा आवाज थांबतो, आणि ज्या मंद वाऱ्यात साधी फळी रेंगाळते त्या वाऱ्यात ही पाण्यावरून तरंगत निघते.

ही कल्पना नवी नाही आणि तिचं इटलीतल्या तळ्यांशी जुनं नातं आहे. मिलानचा इंजिनिअर एन्रिको फोर्लानिनी यानं 1906 मध्ये जवळच्याच माज्जोरे तळ्यावर पंखांची बोट पाण्याबाहेर उचलून ताशी सुमारे 68 किलोमीटर वेगानं पळवली होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल त्या बोटीत बसून आले आणि इतके भारावले, की त्यांनी स्वतः तशा बोटी बांधायला घेतल्या. 1919 मध्ये त्यांच्या बोटीनं ताशी 114 किलोमीटरचा विक्रम केला. शिडाच्या फळीला हे पंख लागून ऑलिम्पिकमध्ये यायला मात्र 2024 उजाडलं. पॅरिस ऑलिम्पिकच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या आणि महिलांचं सुवर्णपदक इटलीच्याच मार्ता माज्जेत्तीनं पटकावलं. आपल्याकडेही हा खेळ अगदीच अनोळखी नाही. हांगझोऊला 2023 मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत आपल्या ईबाद अलीनं साध्या, बिनपंखांच्या फळीवर कांस्यपदक मिळवलं.

आमची शिक्षिका तिशीतली, उन्हानं रापलेली, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी मुलगी. पहिल्या दिवशी तिनं मला साधी फळी देऊन तपासलं. पंचवीस वर्षांपूर्वीची विद्या पोहण्यासारखी अंगातच होती. संध्याकाळी ती म्हणाली, "सिन्योरा, छान. आता हे सगळं विसरा."

मागे नाही, पुढे

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गवतावर फळी ठेवून मला तिच्यावर उभं केलं. साध्या फळीवर वारा वाढला, की आपण काय करतो? मागे रेलतो, बूमला लटकतो, मागच्या पायावर भार देतो. फॉइलवर हेच केलं, तर फळीचं नाक वर उठतं, पंख वर वर चढतो आणि पाण्याबाहेर डोकावतो. पाण्याबाहेर आलेल्या पंखाचा आधार क्षणात जातो. मग फळी धपकन खाली आणि माणूस शिडासकट पाण्यात. म्हणून फॉइलवर उभं राहायचं ते जवळजवळ सरळ, कंबर पायांच्या वर, गुडघे सैल, हात लांब. आणि मुख्य म्हणजे भार पुढच्या पायावर.

"पुढचा पाय झाकण आहे," ती म्हणाली. "पंख सारखा फळीला वर ढकलणार. तुम्ही पुढच्या पायानं झाकण दाबून ठेवायचं. मागचा पाय फक्त विचारतो, थोडं वर जाऊ का?"

कुकरची शिटी आणि झाकण रोज हाताळणाऱ्या बाईला हे लगेच पटलं.

मग तिनं दोन चुका समजावून सांगितल्या. भार पुढे जास्त झाला, तर फळी हलकेच पाण्याला टेकते. वेग थोडा कमी होतो, बाकी काही होत नाही, पुन्हा उचलता येते. भार मागे जास्त झाला, तर मात्र वर सांगितलेली फजिती. म्हणजे चूक करायचीच असेल तर पुढची करावी. पण माणूस घाबरला की काय करतो? मागे झुकतो. जिना उतरताना, निसरड्या वाटेवर, बसला ब्रेक लागताना, सगळीकडे आपलं अंग आपोआप मागे जातं. भीतीला मागे जाणं सुरक्षित वाटतं आणि या फळीवर नेमकं तेच धोक्याचं.

"आणि पायाकडे बघायचं नाही. डोकं खाली गेलं, की कंबर मागे जाते. समोरच्या डोंगराकडे बघा."

हेल्मेट, वेटसूट, जाड जॅकेट असा जामानिमा चढवून मी पाण्यात उतरले. फॉइलची फळी पोटावर घालून थोडीच ओढता येते! ती उलटी धरून छातीएवढ्या पाण्यात न्यायची, तिथे सुलटी करायची. पंख तळाच्या दगडांना लागता कामा नये. त्या दिवशी मी उडले नाही, पण दोनदा फळी पायाखाली जिवंत झाल्यासारखी हलली. रात्री अंग ठेचल्यासारखं दुखत होतं आणि तरीही मी हसत होते. "चेहरा बघ तुझा," हे म्हणाले. आम्ही त्या रात्री स्त्रांगोलाप्रेती नावाचा इथला पदार्थ खाल्ला. पालक आणि शिळ्या पावाचे मुटके, वर लोणी. नावाचा अर्थ म्हणे भटजीचा गळा आवळणारे! चव मात्र बडोद्याच्या मुठियांच्या जवळची.

जाताना एक, येताना दुसरी

तिसऱ्या दिवशी दुपारी, ओरा नुकताच सुरू झाला असताना, मी उडले. तीन-चार सेकंदच असतील. खालचा खळखळाट थांबला, पायाखालची फळी गुळगुळीत झाली, आणि पाणी एकदम खाली गेल्यासारखं वाटलं. मी इतकी चकित झाले, की खाली बघितलं. बघितलं तशी पडले!

पण त्या दुपारी एक विचित्र गोष्ट घडत होती. किनाऱ्यापासून पश्चिमेला ब्रिओनेकडे जाताना मी दर वेळी पडायची. तिकडून टोरबोलेकडे परत येताना मात्र उडायची. पाच वेळा गेले, पाच वेळा पडले. पाच वेळा परत आले, त्यांत चार वेळा उडले. मला वाटलं, वाऱ्याचा काहीतरी खेळ असेल. शिक्षिका नुसतीच बघत होती.

चौथ्या दिवशी सकाळी पेलेर होता. त्या वाऱ्यात मी निघाले ती सरळ उडालेच! कालची पडण्याची दिशा आज चक्क सुखाची झाली होती. ब्रिओनेची टेकडी जवळ येत गेली. मी खूश. मग वळले, परत यायला निघाले आणि धपकन पडले. उठले, शीड उचललं, पुन्हा पडले. पेलेर उत्तरेकडून येतो, तो माणसाला तळ्याच्या आत, दक्षिणेकडे ढकलत नेतो. दर वेळी पडून उठेपर्यंत टोरबोलेची पिवळी घरं थोडी लहान झालेली असायची. हात भरून आले. शीड पाण्यातून उचलवेना. किनाऱ्यावर हे उभे असतील आणि त्यांना माझं शीड दिसत नसेल, हा विचार मनात आला आणि पोटात गोळा उठला. मी फळीवर पोट टेकून पडून राहिले. पाच-सात मिनिटांत शिक्षिकेची बोट आली. तिनं मला आणि शिडाला वर घेतलं, एक अक्षर बोलली नाही. किनारा जवळ आल्यावर तिनं विचारलं, "सिन्योरा, तुमच्या डाव्या पायाला काय झालंय?"

मी तिला पायाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. अर्जावर तसा रकानाच होता, मी तो मोकळा सोडला होता. ती चूक माझीच.

तिनं बोटीच्या काठावर बोटानं चित्र काढलं. शिडाच्या फळीवर आपण नेहमी वारा येतो त्या बाजूला उभे राहतो. वारा उजवीकडून असेल तर उजवा पाय पुढे, डावीकडून असेल तर डावा पाय पुढे. दुपारी ओरा दक्षिणेकडून येतो. पश्चिमेला जाताना तो डावीकडून लागतो, म्हणून डावा पाय पुढे. परत येताना उजवा. सकाळी पेलेर उत्तरेकडून, म्हणून सगळं उलट. जाताना उजवा पाय पुढे, परतताना डावा. म्हणजे वाऱ्याचा खेळ नव्हताच. डावा पाय पुढे आला, की मी त्याच्यावर भार द्यायला नकार देत होते. मागच्या, उजव्या पायावर रेलत होते. झाकण उघडं पडत होतं.

38 आणि 24! तेच दोन काटे माझ्याबरोबर इटलीपर्यंत आले होते.

ज्याची वाट वाऱ्यानं बदलली

त्या दिवशी दुपारी मी पाण्यात गेले नाही. आम्ही धक्क्यावरून फिरलो. तिथे जर्मन कवी गटेची आठवण जपलेली आहे. 1786 च्या 12 सप्टेंबरला तो टोरबोलेला आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजता दोन नावाडी घेऊन दक्षिणेला निघाला. सुरुवातीला वारा पाठीशी होता, तो हाच पेलेर. मग वारा फिरला. वल्ही मारून काही चालेना, तेव्हा नाइलाजानं त्याला माल्चेसिनेच्या धक्क्याला लागावं लागलं. तिथे तो जुन्या किल्ल्याचं चित्र काढत बसला, तर लोकांनी हेर समजून त्याला घेरलं! कशीबशी सुटका झाली. हे वाचून मला जरा धीर आला. या तळ्यावर एवढ्या मोठ्या माणसालाही हवं तिथे जाता आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. 1439 मध्ये व्हेनिस आणि मिलान यांचं युद्ध चालू होतं. तळ्याची दक्षिण बाजू मिलानकडे होती, म्हणून व्हेनिसवाल्यांनी आपली गलबतं आदिजे नदीतून वर आणली आणि तिथून बैल जुंपून, झाडांच्या ओंडक्यांवरून घरंगळवत, चक्क डोंगर ओलांडून टोरबोलेत उतरवली. चढ बैलांनी ओढला, पण उतारावर एवढी वजनं सुटली असती तर सगळ्यांचा चुराडाच. तेव्हा म्हणे त्यांनी गलबतांची शिडं उभारली. दुपारचा ओरा समोरून येऊन शिडांत भरला आणि त्यानं गलबतांना धरून धरून खाली उतरवलं.

लेक म्हणाली, "बघ आई, वाऱ्यानं धरलं म्हणून ते उतारावर पुढे जाऊ शकले. तूही शिडावर भरवसा ठेव ना. सगळा भार पायांनीच कशाला उचलायचा?"

हे शिक्षिकेनंही सांगितलं होतं, पण लेकीनं सांगितलेलं डोक्यात शिरलं. शीड नीट धरलं, तर वारा माणसाला उभं ठेवतो. हातांतून, बूममधून, डोलकाठीतून आपला काही भार थेट फळीच्या पुढच्या भागात उतरतो. म्हणजे घोट्याला एकट्याला झाकण दाबायचं नव्हतं. त्याच्या मदतीला अख्खं शीड होतं.

पाचव्या दिवशी शिक्षिकेनं मला पाण्यात नेलं नाही आधी. गवतावर डावा पाय पुढे ठेवून उभं केलं आणि स्वतः समोरून माझ्या कमरेला हात लावून म्हणाली, "माझ्या हातावर या." मी येत नव्हते. मला वाटत होतं, मी येतेय. तिनं हात थोडा मागे घेतला. मी आणखी थोडी गेले. तिनं आणखी मागे घेतला. शेवटी तिनं हात काढून घेतला तेव्हा मी डाव्या पायावर उभी होते आणि घोट्याला काहीही होत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला त्या तळपायाखालची जमीन नीट जाणवली. डोळ्यांत पाणी आलं ते मी उन्हावर ढकललं.

त्या दुपारी जाताना मी पडले ती पुढे, हलकेच टेकून. शिक्षिकेनं दुरून दोन्ही हात वर केले. चूक बदलली होती!

सहाव्या दिवशी, शेवटच्या, ओरा बेताचा होता. डावा पाय पुढे. नजर ब्रिओनेच्या माथ्यावर. फळीनं वेग घेतला, मी मागच्या पायानं हलकेच विचारलं, फळी उचलली, आणि मी घाबरून मागे जाणार तेवढ्यात मुद्दाम पुढे गेले. फळी थरथरली आणि स्थिर झाली. किती वेळ? लेकीनं किनाऱ्यावरून मोजलं, 22 सेकंद. परतताना उजव्या पायावर त्याहून जास्त उडले, पण ते कुणी मोजलं नाही.

घरी परतलो आणि आठवड्याभरात नवरात्र सुरू झालं. तिसऱ्या माळेला मी मैदानात उतरले. हे खुर्ची धरून बसले होते, कधी लागेल म्हणून. दोन फेऱ्या घेतल्या. डाव्या पायावर गिरकी घेताना खाली बघणार होते, मग समोरच्या बाईच्या खांद्यापलीकडे, दिव्यांकडे बघितलं. तिसऱ्या फेरीला दम लागला आणि खुर्चीवर जाऊन बसले. दमून बसण्यात आणि घाबरून बसण्यात केवढा फरक असतो, ते त्या रात्री कळलं.

जाणाऱ्यांसाठी

टोरबोलेला विमानानं जायचं तर व्हेरोनाचा विमानतळ जवळ पडतो. रेल्वेनं ब्रेनर मार्गावरच्या रोव्हेरेतो स्टेशनला उतरावं. तिथून टोरबोले सुमारे 20 किलोमीटर, बस मिळते. शेंगेन व्हिसा लागतो. मे ते सप्टेंबर हा काळ वाऱ्याच्या दृष्टीनं उत्तम, जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार. खेळायचं नसलं तरी रीवापर्यंत काठाकाठानं चालत जावं, प्रवासी बोटीनं माल्चेसिने आणि लिमोने ही गावं पाहावीत. लिमोनेत लिंबांच्या जुन्या बागा दगडी खांबांच्या आधारानं डोंगराच्या कुशीत जपल्या आहेत.

फॉइलिंग शिकायचं असेल तर पोहता यायलाच हवं आणि साधी शिडाची फळी आधी जमायला हवी. हेल्मेट आणि जाड जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात जाऊ नये. पडताना फळीपासून आणि खालच्या पातीपासून दूर पडावं, पंखाच्या कडा धारदार असतात. आणि अर्जावर जुन्या दुखण्याचा रकाना असेल, तर तो कृपा करून भरावा.